कडूकंदाचं पाणी

दाजींचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत हातमोजे घालून स्पंज चिरत होते. "आई सांगतेय, वेल पिवळा पडला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, बायचे, यजमान. लग्न झाल्यापासून ते आमच्याच घरी राहतात, घरजावई म्हणून, आणि फोनवर दोन वाक्यांच्या वर गेले तर घाम फुटल्यासारखा चेहरा करतात. वेल पिवळा पडला म्हणजे रानातले कडूकंद खणायला आले, म्हणजे आश्विन सरत आला, म्हणजे घरी ये. जव्हारजवळ, जामसरकडच्या आमच्या पाड्यावर दिवाळीचं बोलावणं असंच येतं. मी बरं म्हटलं आणि उरलेला स्पंज चिरून संपवला.

काही वाटलं का? खरं सांगू, नाही वाटलं. बाय चैत्रात गेली. तेव्हापासून मला भूक लागते, झोप येते, कुणी रांगेत पुढे घुसलं तर मी कडाकडा भांडतेसुद्धा. पण आतपर्यंत काही पोचत नाही. भेटेल ती बाई म्हणते, "रडून घे गं एकदा, मोकळी होशील." जणू रडणं म्हणजे नळ आहे, सोडला की आलं. मी मान डोलावते आणि चहा पिते.

कडूकंद ज्यांनी खाल्ला नाही त्यांना तो आधी सांगायला हवा. दिसायला भोळा, सुरणाचा लांबचा भाऊ. कच्चा तोंडात घातला तर मात्र घसा धरतो, पोट ढवळतं, माणूस आडवा होतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, चुलीतली राख घालून त्या उकडायच्या, बांबूच्या टोपलीत भरायच्या आणि ती टोपली ओहोळाच्या वाहत्या पाण्यात दगडाला बांधून ठेवायची. साठवलेलं पाणी चालत नाही. वाहतंच हवं, कारण कडू कुठंतरी निघून गेलं पाहिजे. रात्रभर पाणी चकत्यांमधून जातं. सकाळी घरातली एक बाई एक चकती चाखते. कडू असेल तर टोपली पुन्हा पाण्यात, नसेल तर मीठ लावून सगळ्यांनी खायचं. आमच्याकडे चाखायचं काम बायचं होतं. आईची जीभ मिसरीनं कधीच कामातून गेलेली, आणि माझ्यावर कुणाचा भरवसा नव्हता, कारण मला भूक लागलेली असली की सगळंच गोड लागायचं.

बाय चाखायची तेव्हा तिच्या तोंडाकडे आम्ही सगळे बघत बसायचो. ती मुद्दाम वेळ लावायची. डोळे मिटायची, गाल फुगवायची, वाकडं तोंड करायची. माझा चेहरा पडला की फसकन हसायची. "खा गो, खा. गेला कडू सगळा."

जव्हार म्हटलं की बाहेरच्या माणसांना एकतर थंड हवा आठवते नाहीतर कुपोषण. शिरपामाळावर गाड्या थांबतात, लोक दरीकडे पाठ करून फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत परत जातात. त्यांना दोष देत नाही मी. आपल्या पोटात काय शिजतं हे दुसऱ्याला रस्त्यावरून कसं कळणार? पण आमचे आश्विन-कार्तिक असे होते: खळ्यावर नागलीची कणसं, अंगभर तिचा भुसा, पायाखाली उबदार शेण, आणि ओहोळात बांधलेली ती टोपली. ते दिवस उपासाचे नव्हते. उलट, त्या दिवसांत पोट भरलेलं असायचं.

मी शिकले, रसायनशास्त्रात अडकले आणि मुंबईत समुद्री स्पंजांवर काम करायला लागले. स्पंज म्हणजे अंघोळीला वापरतात तो नव्हे, जिवंत प्राणी. कोकणच्या किनाऱ्याजवळ पाणबुडे खडकांवरून तो काढून आणतात. कुठला नारिंगी, कुठला काळा, कुठला ओल्या पावासारखा. बर्फातून येतो तेव्हा त्याला असा वास येतो की पहिल्या दिवशी मी जेवले नव्हते. या प्राण्याला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. कुणी खायला आलं तर पळणार कुठं? म्हणून तो अंगात विष बाळगतो. आता तर कळलंय की पुष्कळदा ते विष तो स्वतः करतही नाही, त्याच्या अंगात बिऱ्हाड थाटून बसलेले जिवाणू करतात. भाडेकरूंनीच घर राखायचं, असा कारभार. आम्ही तो स्पंज चिरतो, मेथॅनॉलमध्ये भिजत घालतो, गाळतो, आटवतो. तळाशी काकवीसारखा चिकट अर्क उरतो. तो सिलिकाच्या उभ्या नळीतून सोडायचा, वरून द्रावण ओतत राहायचं. हळूहळू एकेक द्रव्य सुटं होऊन खाली उतरतं. त्यातलं कुठलं रोगाच्या पेशींना मारतं, ते मग तपासायचं.

पहिल्यांदा ती नळी थेंब थेंब गळताना पाहिली तेव्हा मला ओहोळातली टोपलीच आठवली. काम तेच, फक्त उलटं. घरी विष वाहून जाऊ द्यायचं आणि कंद ठेवायचा. इथं कंद टाकून द्यायचा आणि विष जपून ठेवायचं. हे मी बायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आणि त्याचा पगार देतात तुला? वा रे शहाणे!"

गेल्या वर्षी आश्विन आला तेव्हा बायचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, छातीच्या गाठीचं. गाठ परत आली होती, या वेळी हाडांमध्येही. नाशिकच्या दवाखान्यात सुया सुरू झाल्या. आधीच्या औषधांनी दाद दिली नाही म्हणून डॉक्टरांनी बदलून दिलं ते औषध मी ओळखत होते. त्याचं मूळ एका काळ्या समुद्री स्पंजात सापडलं होतं, दूर जपानच्या किनाऱ्याला. ढीगभर स्पंजातून चिमूटही मिळायची नाही. म्हणून शेवटी रसायनशास्त्रज्ञांनी त्या भल्याथोरल्या रेणूचा कामाचा तेवढा भाग प्रयोगशाळेत बनवला. त्यावर झालेलं काम मी परीक्षेसाठी पाठ केलेलं. आता ते पाण्यासारखं औषध बायच्या शिरेत जात होतं, आणि मी शेजारी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते.

"कशाचा करतात हा औषध?" तिनं विचारलं. तिला सगळं विचारायची सवय.

मी सांगितलं. पळता न येणारा प्राणी, त्याचं विष, ते गाठीवर कसं चालतं, सगळं. तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे दर्यातला कडूकंद! तरी म्हटला तोंडाला चव का नाय." शेजारच्या खाटेवरच्या आजी हसल्या. सिस्टरही हसली. त्या दिवशी आम्ही पाव-मिसळ खाऊन त्र्यंबकवरून परत फिरलो, आणि तोरंगणच्या घाटात गाडी वळणं घेत असताना ती माझ्या खांद्यावर झोपली. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा उठून तिनं बाजारातून लसूण घेतला. आजारी माणसासारखं काही नव्हतंच तिच्यात.

गाठी आवळत होत्या. औषध लागू पडलं होतं. पण बोटं गेली.

आधी टोकं. मग पेरं, मग तळवे, मग पायही. औषधानं नसांना मार बसतो, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. दिवाळीत घरी गेले तर बाय पोलक्याच्या हुकाशी झटापट करत होती. हुक बोटांत आहे की नाही हे तिला डोळ्यांनी बघावं लागत होतं, आणि पाठीवरचा हुक काही दिसत नाही. शेवटी आईनं लावला. नागली पाखडताना सूप हातातून सुटलं. दाणा वाळला की ओला हे बाय मुठीत धरून सांगायची, तिला आता दाणाच कळत नव्हता. दाजी खाली पडलेली नागली गोळा करत बसले.

मी नागलीचं ताट, म्हणजे तिची वाळली काडी, घेऊन तिच्या बोटाला टोचून बघायचे.

"लागतंय?"

"नाय."

"आता?"

"नाय गो. टोच अजून, फुकटच हाय." ती हसायची. मला हसू यायचं नाही. लहानपणी कुठंही पडले, खरचटलं की मी भोकाड पसरत तिच्याकडेच धावायचे. "बाय, लागलं!" ती दगडी पाला चोळून त्याचा रस जखमेवर पिळायची, फुंकर घालायची आणि म्हणायची, "लागला तं लागला. लागतं तवा माणूस जिता असतं." हे ती कुठून शिकली होती देव जाणे. मला तेव्हा फक्त फुंकर हवी असायची.

स्पंजाला मज्जातंतू नसतात. एकही नाही. चिरा, दाबा, उकळत्या द्रावणात टाका, त्याला काही कळत नाही. ज्याला काही लागत नाही असा प्राणी, आणि त्याचं विष माझ्या बहिणीच्या बोटांतून लागणं काढून नेत होतं. हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला आणि मी तो लगेच बाजूला सारला. असले विचार करून भाकरी भाजत नाही.

मी मुंबईला परतल्यावर बायनं जे केलं ते आमच्याच घरात होऊ शकतं. तिनं आपल्या परीनं हिशेब लावला. अंगात कडू भरलंय. कडू कसं जातं? राख आणि वाहतं पाणी. मग तिनं हातापायांना कोमट राख चोळली, ओहोळावर गेली, टोपली बांधतो त्याच दगडाशी बसली आणि हातपाय धारेत सोडून दिले. सकाळी जायची ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. आईला तर ते पटलंच. आई कांबळं घेऊन तिच्या पाठीशी बसायची, आणि दोघी गप्पा मारायच्या. कितीतरी दिवस हे चाललं होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. ओरडलेच असते.

पायाच्या तळव्याला पाण्याखालचा धारदार दगड लागला, तो तिला कळलाच नाही. पाणी वाहतं, त्यामुळे रक्तही दिसलं नाही. घरी आल्यावर सारवलेल्या जमिनीवर लाल पाऊल उमटलं ते आईनं पाहिलं. आईला वाटलं कुंकू सांडलं.

औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. अशा वेळी साधी जखमही जिवावर येते. दोन दिवसांत पाय सुजला, ताप चढला, बाय बरळायला लागली. दाजींनी फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुष्कळ बोलले. मी मुंबईहून निघाले, दाजी आणि आई जीपमध्ये बायला आडवी घालून मोखाड्यावरून नाशिककडे निघाले. दवाखान्याच्या दारात आमची गाठ पडली. आईचा हात बायच्या कपाळावर होता. आई मला म्हणाली, "पाणी तं वाहता होता गो." एवढंच. ती चुकली नव्हती, तिच्या मते. पाणी वाहतंच होतं.

मला राग आला होता का? आला असणार. कुणावर, ते आठवत नाही. आईचे पाय तेव्हा अनवाणी होते, तेवढं आठवतं. मी खाली जाऊन तिच्यासाठी चपला घेऊन आले.

बाय वाचली त्यातून. पाय वाचला. शुद्धीवर आली तेव्हा मी तिला चिक्कार बोलले, "अगं तू काय चकती आहेस का, ओहोळात टाकायला?" तर म्हणे, "चाखून बघ, कडू गेला का." सलाईन लावलेला हात तिनं माझ्या तोंडासमोर धरला. मी तो हात झटकला, मग परत धरला.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी बसून समजावलं. औषध थोडं कमी करून पुढे देता येईल, म्हणजे गाठी दबून राहतील, दिवस मिळतील. पण हातपाय असेच राहतील, कदाचित वाढेलही. किंवा औषध थांबवायचं. मग बोटं हळूहळू परत येऊ शकतील, पण गाठी थांबणार नाहीत. दुसरी औषधं होती, त्यांच्याकडून त्यांना फारशी आशा नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली मी. मी म्हटलं, चालू ठेवू.

बाय म्हणाली, "नाय. मना हात पायजेत."

"हात घेऊन काय करशील बाय? जगायला नको?"

"जगायलाच तं पायजेत." ती चिडली होती. एरवी ती चिडायची नाही. "माझ्या पोरीच्या केसांत तेल घालते, तं मना केस कळत नाय. लाकूड धरल्यागत वाटतं. असा कवरोक, किती दिवस धरू?"

तिची पोर, माझी भाची, तेव्हा आश्रमशाळेत सातवीला होती. सुट्टीला आली की आईच्या पुढ्यात बसून डोकं चोळून घ्यायची. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दाजी खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले.

औषध थांबलं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. मी स्पंज चिरत होते, नळ्या भरत होते. आम्ही वेगळ्या काढलेल्या एका द्रव्यानं पेशींवर चांगलं काम केलं, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. माघात एका दुपारी दाजींच्या फोनवरून बायच ओरडली, "भाजला गो मना! भाजला!"

"काय भाजलं? कुठं?"

"बोट! तव्यावर भाकर उलटताना. असा चरचरला, आई गं! फोड आलाय बघ." आणि ती हसत होती. खदखदून हसत होती. मागून आईचा आवाज आला, ती कुणाला तरी सांगत होती, पोरीला भाजलं, पोरीला भाजलं, जणू लग्न ठरल्याची बातमी. त्या सुट्टीत भाचीच्या डोक्यात इतकं तेल मुरलं की तिची उशी महिनाभर तेलकट राहिली. बाय दोन्ही हातांनी तिचं डोकं चाचपत बसायची. केस, कान, मानेवरचा तीळ. एकदा माझाही चेहरा तिनं असाच चाचपला. "सुकली गो तू," म्हणाली.

चैत्रात ती गेली. शेवटी दुखणं फार झालं आणि गोळ्यांनीही आवरत नव्हतं. त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. एवढंच की तिचा हात माझ्या हातात होता आणि तिला तो कळत होता, कारण ती मध्येच दाबायची. मग दाबायची थांबली. सगळे रडले. मी सरपण मोजलं, चहाला दूध आणलं, शाळेत फोन केला. तेराव्यानंतर कामावर गेले. बर्फातून नवे स्पंज आले होते.

परवा घरी पोचले तेव्हा टोपली ओहोळातच होती. आईनं ती सकाळी वर आणली, ओट्यावर ठेवली आणि पाण्याची धार निथळू दिली. भाची दारात बसली होती, दाजी नागलीचे भारे रचत होते. मग आईनं एक चकती उचलली आणि माझ्यासमोर धरली. मीच का, हे मी विचारलं नाही.

मी चकती तोंडात घातली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कडू होती. जिभेच्या मुळाशी, घशाकडे, साफ कडू. मी डोळे मिटले, गाल फुगवले, बाय करायची तसं काहीतरी करायला गेले आणि जमलं नाही.

"नाय गेला अजून," मी म्हटलं. आईनं मान हलवली. "मग ठेव परत."

मी टोपली घेऊन ओहोळावर गेले. चपला काठावर काढल्या, पाण्यात उतरले. पाणी थंडगार होतं. त्या दगडाशी वाकून दोरी बांधत होते, तेवढ्यात पाय घसरला आणि पाण्याखालचा दगड तळव्यात कचकन रुतला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. कळ थेट गुडघ्यापर्यंत आली. पाय वर काढला तर रक्त, चांगलंच.

"बाय, लागलं!" मी ओरडले.

माझ्या तोंडून गेलं तेच. तसंच, लहानपणी जायचं तसं, भोकाड पसरून. आणि मग ते थांबेना. पाण्यात उभी राहून मी रडत होते, नाक गळत होतं, टोपली हातातून सुटून दोरीच्या टोकाला हेलकावत होती. वरून आईचा आवाज आला, "काय झाला गो?"

"लागलं, आई. मला लागलं."

आई पळत आली नाही. तिचं वय नाही आता पळायचं. सावकाश आली, काठावर बसली, बांधावरचा दगडी पाला खुडून तळहातात चोळला आणि माझा पाय मांडीवर घेतला. रस झोंबला. आईनं वाकून फुंकर घातली.